धरण एकाचे, वीज दुसऱ्याची

१९९८ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मराठवाड्यासाठी एक कायदा मंजूर केला. त्यातून गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळ उभे राहिले आणि त्याचे मुख्यालय औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, थाटले गेले. महामंडळाने काय करायचे ते कायद्यात आरंभीच सांगितले आहे. पाटबंधारे प्रकल्प उभारायचे आणि चालवायचे, लाभक्षेत्राचा विकास करायचा आणि जलविद्युत निर्मितीच्या योजना राबवायच्या. दोन वर्षे आधी, १९९६ साली, कृष्णा खोऱ्यासाठी झालेल्या कायद्यातही हेच तीन उद्देश होते. जी संस्था धरण बांधते, कालवे राखते, आवर्तने ठरवते, तिनेच वीजही करावी, अशी मुभा या दोन्ही कायद्यांनी उघडपणे दिली.

धाराशिव जिल्ह्याचा संबंध या दोन्ही खोऱ्यांशी आहे. कळंब-वाशीकडचे पाणी मांजरा आणि तेरणेतून गोदावरीला जाते. भूम-परंड्याचे पाणी सीनेतून आणि नळदुर्गाकडचे बोरीतून भीमेला मिळते, म्हणजे शेवटी कृष्णेला. बालाघाटाच्या पठारावर वसलेला हा जिल्हा पाणी देणारा आहे, घेणारा फारसा नाही. वर्षाचा सरासरी पाऊस सातशे-साडेसातशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. इथल्या नद्या इथेच उगम पावतात किंवा नुकत्याच उगम पावलेल्या असतात. त्यांच्यात मोठे केंद्र चालवण्याइतके पाणीही नाही आणि उताराची उंचीही नाही. जिल्ह्यातला सर्वांत प्रसिद्ध जलप्रपात माणसाने घडवलेला आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बंधारा घातला गेला, त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला, आणि पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून नदी आजही कोसळते. त्या काळच्या स्थापत्यकाराने पाण्याचे वजन आणि पाण्याची उंची किती अचूक ओळखली होती, हे महालाच्या खिडकीत उभे राहिले की कळते. पण विजेच्या हिशेबात हा प्रपात चार महिन्यांचाही धनी नाही.

तेव्हा धाराशिवचा जलविद्युतशी संबंध काय? माझ्या मते फार जवळचा आहे. तो समजून घ्यायचा तर आधी सह्याद्रीच्या माथ्यावर जावे लागते, कारण या जिल्ह्याच्या वाट्याच्या खोऱ्यातले पाणी विजेसाठी कुठे गेले याची कहाणी तिथे सुरू होते.

भीमेच्या आणि कृष्णेच्या बहुतेक मोठ्या उपनद्या सह्याद्रीच्या कड्यापासून हाकेच्या अंतरावर उगम पावतात आणि पूर्वेकडे वाहू लागतात. पूर्वेला उतार अगदी मंद. पश्चिमेला मात्र काही किलोमीटरांत पाचशे मीटरचा कडा. पूर्वेकडे वाहणारी नदी माथ्यावरच अडवायची, बोगद्याने किंवा नळांनी तिचे पाणी कड्यावरून कोकणात सोडायचे, आणि पायथ्याशी जनित्रे फिरवायची, ही कल्पना टाटांच्या कंपनीने प्रत्यक्षात आणली. १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्याजवळ वळवण धरणाची पायाभरणी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते झाली. १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीचे केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. वळवण, शिरवटा, ठोकरवाडी, मुळशी ही सगळी धरणे भीमेच्या खोऱ्यातली. तिथले पाणी मात्र पाताळगंगा, उल्हास आणि कुंडलिकेत उतरले.

मुळशीला याविरुद्ध मोठा लढा झाला. १९२१ च्या एप्रिलमध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्याचे नेते झाले, आणि धरणाविरुद्धच्या जगातल्या आरंभीच्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते. तो लढा बुडणाऱ्या जमिनीसाठी होता, आणि तो हरला. नदीच्या खालच्या अंगाला, सोलापूर-परंड्याच्या दुष्काळी मुलखात, पुढे या पाण्याची उणीव कुणाला भासेल हा प्रश्न त्या वेळी जवळजवळ कुणीच मांडला नाही. मांडणार तरी कोण? परंडा आणि तुळजापूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. नदी एक होती, राज्ये दोन.

निजामाच्या राज्यानेही याच काळात एक मोठे धरण बांधले, आणि तेही आपल्याच नदीवर. मांजरा बीड जिल्ह्याच्या डोंगरात उगम पावते, धाराशिवच्या हद्दीवरून वाहते आणि तेलंगणात जाते. तिथे १९२३ ते १९३१ या काळात नवाब अली नवाज जंग यांच्या देखरेखीखाली निजामसागर उभा राहिला. राज्याच्या पाटबंधारे खात्याने बांधलेले धरण, सिंचनासाठी. त्याच्या पायथ्याशी छोटे वीजकेंद्र पन्नाशीच्या दशकात आले. मांजरेच्या माथ्यावरच्या लोकांना दोन्हींतले काहीच मिळाले नाही. मराठवाडा तेव्हा राज्याचा कोपरा होता आणि कोपऱ्यात पडणारा पाऊस राजधानीच्या बाजूला साठवला जात होता.

स्वातंत्र्यानंतर सह्याद्रीवरचा मोठा डाव कोयनेचा. टाटांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कोयनेची पाहणी केली होती, पण युद्धानंतरच्या मंदीत तो बेत सोडून दिला. मुंबई राज्याने तो हाती घेतला. १९५४ च्या जानेवारीत मोरारजी देसाई यांच्या हस्ते भूमिपूजन झाले आणि १९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत केंद्रातला पहिला संच फिरला. पूर्वेकडे, कऱ्हाडच्या दिशेने वाहणारी कोयना हेळवाकजवळ अडवली, डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला नेली आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, जवळपास पावणेदोनशे माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. धरण टिकले आणि बांधकाम पुढे चालूच राहिले. अलोऱ्याचा तिसरा टप्पा सत्तरच्या दशकात आला. १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाला सुरुंगाने भोक पाडून, म्हणजे ज्याला लेक टॅपिंग म्हणतात ते करून, चौथ्या टप्प्याच्या बोगद्यात पाणी घेतले गेले आणि एकट्या त्या टप्प्याने हजार मेगावॉटची भर घातली. आज कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॉटच्या घरात आहे. महाराष्ट्रात संध्याकाळी सात वाजता घराघरांतले दिवे एकदम लागतात तेव्हा तो भार उचलणाऱ्यांत कोयना पहिली असते. राज्याच्या उभारणीत कोयनेने जे दिले ते मोठेच आहे, आणि ज्यांची गावे तिच्या शिवाजीसागर जलाशयात गेली त्यांचे पुनर्वसन तीन पिढ्यांनंतरही अपुरे आहे, हेही तितकेच खरे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने कोयनेत आणखी एक गोष्ट घडली. धरण, बोगदा, भूमिगत केंद्र हे सगळे पाटबंधारे खात्याच्या अभियंत्यांनी बांधले. केंद्र चालवायला मात्र गेले वीज मंडळाकडे.

याचे मूळ कायद्यात आहे. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीतली सतरावी नोंद पाण्याची आहे, आणि तिच्यात पाणीपुरवठा, सिंचन, कालवे, जलसाठा यांच्याबरोबर जलशक्तीही घातली आहे. म्हणजे घटनेच्या दृष्टीने पडणाऱ्या पाण्याची ताकद हा पाण्याचाच भाग. वीज मात्र समवर्ती सूचीत, अडतिसाव्या नोंदीत. त्यातच १९४८ च्या वीजपुरवठा कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळे स्थापन करण्याची वाट घातली आणि निर्मिती, वहन, वितरण हे सगळे त्यांच्या हाती एकवटले. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये सुरू झाले. त्यानंतर एकाच धरणावर दोन चुली पेटल्या. बांधकाम, मालकी आणि पाण्याचा हिशेब पाटबंधारे खात्याचा. जनित्रे चालवणे आणि वीज विकणे मंडळाचे. केंद्र भाडेपट्ट्याने दिलेले आणि भाडे सरकारच्या तिजोरीत. ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. भाडेपट्टा तसाच महानिर्मितीकडे आला आणि भाड्याचा आकडा वीज नियामक आयोगापुढे ठरू लागला.

ही वाटणी कामाच्या दृष्टीने अगदी चुकीची नव्हती. जनित्र चालवणे, विजेची मागणी आणि पुरवठा दर मिनिटाला जुळवणे हे वेगळे शास्त्र आहे, आणि त्याचे जाणकार मंडळात होते. तोटा दुसरीकडे झाला. धरणाच्या पायथ्याशी तयार झालेल्या विजेचे उत्पन्न त्या धरणाच्या कालव्यांवर खर्च व्हावे, असा कोणताही दुवा उरला नाही. कालवे दुरुस्तीवाचून फुटत राहिले, पाटकऱ्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या, पाणीपट्टीची वसुली रखडली आणि पाणी देणारी संस्था कायम सरकारी अनुदानाची आशाळभूत राहिली. शेतकऱ्याला धरणातली वीज ही आपल्या पाण्याची कमाई आहे असे कधी वाटलेच नाही, कारण तिचे बिल वेगळ्याच कार्यालयातून येत होते.

मराठवाड्यात हेच चित्र लहान आकारात दिसते. पूर्णेवरच्या येलदरी धरणाचे काम १९६८ मध्ये पूर्ण झाले आणि पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे केंद्र आले. गोदावरीवर पैठणला जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि लोकार्पण २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते. शंकरराव चव्हाणांनी या धरणासाठी आपली राजकीय ताकद पणाला लावली होती. ऐंशीच्या दशकात पैठणला बारा मेगावॉटचा उलटसुलट फिरणारा संच बसवला गेला, जो पाणी खाली सोडताना वीज करतो आणि विजेची मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी परत वर चढवतो. भीमेवर उजनीलाही बारा मेगावॉटचा असाच संच आहे. पावसाळ्यात बातम्यांत जायकवाडीच्या जलविद्युत केंद्रातून १,५८९ क्युसेक विसर्ग किंवा उजनीतून वीजनिर्मितीसाठी १,६०० क्युसेक असे आकडे आपण वाचतो ते याच केंद्रांचे. ही केंद्रे सिंचनाच्या पाठीमागून चालतात. कालव्याला किंवा नदीला पाणी सोडायचे असेल तेव्हाच संच फिरतो. दुष्काळात आवर्तन नसले की केंद्रही गप्प. हा अग्रक्रम योग्यच आहे, आणि पाण्याची चावी पाण्याच्या खात्याकडे असण्याचा तो खरा अर्थ आहे. कोयनेला मात्र तो क्रम उलटा लागला. तिथे बहुतांश पाणी आधी विजेला आणि उरलेले पूर्वेकडच्या सिंचनाला.

हा उलटा क्रम किती ताणायचा यावर मर्यादा घातली ती बाहेरच्यांनी. कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यात वाद पेटला तेव्हा केंद्राने १९६९ मध्ये न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला. खालच्या राज्यांचा मुद्दा सरळ होता: शेतात दिलेल्या पाण्यातला काही भाग झिरपून परत नदीला मिळतो, पण कड्यावरून कोकणात टाकलेल्या थेंबाला खोरे कायमचे मुकते. लवादाचा अंतिम निवाडा १९७६ मध्ये आला. महाराष्ट्राला ५६० टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मिळाले, आणि कोयनेतून पश्चिमेला वळवण्याची मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी ठरली. तेव्हापासून १ जून ते ३१ मे असे कोयनेचे तांत्रिक वर्ष धरतात आणि पश्चिमेला गेलेल्या प्रत्येक टीएमसीची नोंद होते. लवादाने पाण्याच्या खात्याच्या हातात पुन्हा एक चावी दिली. वीज किती करायची याला पाण्याच्या वहीचा लगाम लागला.

पण ५६० टीएमसीतला धाराशिवचा वाटा? सीना आणि बोरीचे खोरे कृष्णेचेच असल्याने तो हक्क होताच. प्रत्यक्षात पाणी अडवण्याचे काम पश्चिम महाराष्ट्रात झपाट्याने झाले आणि मराठवाड्यात रेंगाळले. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने विभागांमधल्या विकासाच्या अनुशेषाचे मोजमाप राज्यापुढे ठेवले आणि त्यात सिंचनाचा अनुशेष ठळकपणे दिसला. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, वैधानिक विकास मंडळे आली.

बच्छावत निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर करता येणार होता, आणि तोवर आपला वाटा अडवून वापरात आणला नाही तर पुढच्या लवादापुढे बाजू दुबळी होईल ही भीती राज्याला होती. म्हणून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ निघाले. चढ्या व्याजाचे कर्जरोखे काढून बाजारातून पैसा उभा केला गेला आणि एकाच वेळी शेकडो कामे सुरू झाली. कृष्णेचे पाहून विदर्भ, कोकण, तापी आणि गोदावरी-मराठवाडा अशी आणखी चार महामंडळे दोन वर्षांत आली. काही वर्षांतच पैसा आटला. अर्धवट धरणे, कालव्याविना उभ्या भिंती, आणि व्याजाचा बोजा. अशा संस्थेला स्वतःच्या विजेचे नियमित उत्पन्न असते तर व्याज भागवायला तरी काही हाती राहिले असते. पण वीजनिर्मितीची मुभा मिळाली तरी तिचा वापर जुन्याच चाकोरीतून झाला: बांधायचे आणि चालवायला दुसऱ्याला द्यायचे.

२००३ च्या वीज कायद्याने निर्मितीवरची परवान्याची अट काढून टाकली आणि ही चाकोरी मोडण्याची संधी आली. राज्याने २००५ मध्ये पंचवीस मेगावॉटपर्यंतच्या लहान जलविद्युत प्रकल्पांसाठी धोरण आणले. सरकारी धरणांच्या पायथ्याशी खासगी विकासकांनी स्वखर्चाने केंद्र उभारावे, ठरावीक वर्षे चालवावे आणि मग परत करावे, असा त्याचा गाभा. भंडारदऱ्याच्या पायथ्याचे केंद्रही अशाच रीतीने खासगी कंपनीकडे चालवायला गेले आहे. त्याच वर्षी सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांचा सहभाग हा कायदाही झाला आणि पाणीवापर संस्थांना कालव्याचे व्यवस्थापन सोपवण्याचा मार्ग कायदेशीर झाला. एकाच वर्षी आलेल्या या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्या नाहीत. शेतकऱ्यांच्या संस्थेला पाणी वाटण्याचे कष्ट दिले, आणि त्याच पाण्याच्या उतारावरची वीज खासगी गुंतवणूकदारापुढे ठेवली. मला हा त्या दशकातला सर्वांत मोठा चुकलेला निर्णय वाटतो.

दुसरा मार्ग होता, आणि तो जगाने पाहिलेला होता. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १८८७ च्या राइट कायद्याने शेतकऱ्यांना सिंचन जिल्हे स्थापन करण्याचा अधिकार दिला. स्वतःचे संचालक निवडायचे, कर लावायचा, रोखे काढायचे. त्याच वर्षी टरलॉक इथे पहिला जिल्हा झाला. शेजारच्या मॉडेस्टो जिल्ह्याबरोबर त्याने १९२३ मध्ये डॉन पेड्रो धरण आणि पायथ्याचे वीजकेंद्र उभारले आणि ती वीज थेट शेतकऱ्यांना आणि गावांना विकायला सुरुवात केली. दक्षिणेच्या वाळवंटात इम्पीरियल जिल्हा १९३६ पासून वीज देतो, आणि तिथे कालव्याच्या उतारावरच्या टप्प्यांवरही केंद्रे आहेत. २०१३ मध्ये अमेरिकेच्या संसदेने सरकारी कालव्यांवर लहान जलविद्युत केंद्र उभारण्याची पहिली संधी ते कालवे चालवणाऱ्या स्थानिक सिंचन जिल्ह्याला किंवा पाणीवापर संघटनेलाच द्यावी, असे कायद्याने ठरवले. आपल्या महामंडळांत आणि या जिल्ह्यांत फरक मोठा आहे. तिथले संचालक मतदारांनी निवडलेले असतात, तर इथल्या महामंडळाचे अध्यक्षपद जलसंपदा मंत्र्यांकडे. त्यामुळे त्यांची नक्कल करून भागणार नाही. पण पाण्याची कमाई पाण्याच्याच कामाला लावता येते, हे शंभर वर्षांच्या अनुभवाने तिथे सिद्ध झाले आहे.

धाराशिवला या साऱ्याची झळ कशी लागली हे २०१६ च्या उन्हाळ्यात साऱ्या देशाने पाहिले. मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. १९८२ पर्यंत लातूर हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याचाच भाग होता. मिरजेला भरलेले ते पाणी कृष्णेचे होते. ज्या कृष्णेच्या हक्काच्या पाण्याची वाट मराठवाडा अनेक वर्षे पाहत होता, तिचे पाणी अखेर रेल्वेच्या टाक्यांमधून आले.

कालव्याने ते आणण्याची योजना तोवर कागदावरून जमिनीवर येऊ लागली होती. कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजनेत मराठवाड्यासाठी एकूण २३.६६ टीएमसी पाणी धरले आहे. पहिल्या टप्प्यात सात टीएमसी. त्यातले बहुतांश धाराशिवला आणि बाकीचे बीडच्या आष्टी तालुक्याला. योजनेला २००७ मध्ये प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे २,३८२ कोटी रुपये होता. २०२२ मध्ये सुधारित मान्यता देताना तो ११,७०० कोटींच्या पुढे गेला. नीरा खोऱ्यातून उजनीत पाणी आणायचे, त्यासाठी सुमारे चोवीस किलोमीटरचा बोगदा. उजनीतून सीनेत आणि परंड्याजवळच्या सीना-कोळेगाव धरणात. तिथून पुढे पंपांनी पठारावर, आणि एक फाटा तुळजापूरजवळच्या रामदरा तलावापर्यंत.

इथे उंचीचा हिशेब मांडला पाहिजे, कारण सगळ्या कहाणीची गाठ त्यात आहे. उजनीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटर. धाराशिव आणि तुळजापूरचे पठार साडेसहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे दीडशे मीटर चढ. एक टीएमसी म्हणजे दोन कोटी त्र्याऐंशी लाख घनमीटर पाणी. ते शंभर मीटर वर न्यायला, पंपांतली गळती आणि घर्षण धरून, साधारण एक कोटी युनिट वीज लागते. दीडशे मीटरला दीड कोटी. आता कोयनेकडे पाहा. शिवाजीसागराची पूर्ण पातळी सुमारे ६५९ मीटर आहे, म्हणजे जवळपास धाराशिवच्या पठाराइतकीच. तिथला एक टीएमसी पावणेपाचशे मीटर खाली सोडला की सव्वातीन कोटी युनिटच्या आसपास वीज होते. याचा अर्थ, कोयनेवरून पश्चिमेला उतरणाऱ्या एका टीएमसीची वीज उजनीतले दोन टीएमसी पाणी तुळजापूरच्या पठारावर चढवू शकते. पश्चिमेला वर्षाला जातात ६७.५ टीएमसी. पहिल्या टप्प्याचे सातही टीएमसी पूर्ण दीडशे मीटर वर न्यायचे म्हटले तरी कोयनेच्या साडेतीन टीएमसीच्या आतली वीज पुरते.

कोयनेचे किंवा टाटांच्या धरणांचे पाणीच पूर्वेकडे वळवा, अशी मागणी अलीकडच्या प्रत्येक दुष्काळात होते. ती समजण्यासारखी आहे, पण सोपी नाही. खोपोली, भिवपुरी आणि भिऱ्याच्या अवजलावर, म्हणजे केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर, कोकणातली शहरे, गावे आणि कारखाने शंभर वर्षांत उभे राहिले आहेत. पोफळीचे अवजल वाशिष्ठीत जाते. त्यांचे पाणी तोडून मराठवाड्याला देणे म्हणजे एक अन्याय मिटवायला दुसरा करणे. विजेचा मार्ग यापेक्षा न्याय्य आहे. पाणी आहे त्या वाटेने जाऊ द्यावे, पण त्याच खोऱ्यातल्या पाण्याने केलेल्या विजेतला एक ठरावीक हिस्सा खोऱ्याच्या तहानलेल्या टोकाला, उपसा योजनांना, भाड्याच्या बदल्यात मिळावा. कोयनेच्या केंद्रांची मालकी आजही जलसंपदा विभागाचीच, म्हणजे पूर्वीच्या पाटबंधारे खात्याचीच, आहे. भाडेपट्टा करताना रोख भाड्याऐवजी काही युनिट मागणे हा घटनेचा किंवा लवादाचा प्रश्न नाही. तो राज्याच्या दोन खात्यांनी बसून सोडवायचा प्रश्न आहे.

हे आत्ताच ठरले पाहिजे, कारण सांगली-साताऱ्याच्या उपसा योजनांचा अनुभव समोर आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांनी कृष्णेचे पाणी आटपाडी, जत, कवठेमहांकाळसारख्या दुष्काळी तालुक्यांत चढवले, आणि तिथे द्राक्ष-डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. पण अनेक वर्षे वीजबिलाच्या थकबाकीमुळे पंप बंद पडत राहिले. धरणात पाणी, कालवा तयार, आणि वीज तोडलेली. अखेर बिलाचा ८१ टक्के भार सरकारने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा, हे सूत्र आले. म्हैसाळसाठी आता जर्मन बँकेच्या कर्जातून सौर प्रकल्पाची आखणी झाली आहे. म्हणजे उपसा योजनेला स्वतःची वीज हवी, हे सरकारनेही मान्य केले आहे.

धाराशिवचे पंप अजून पूर्ण क्षमतेने फिरायचे आहेत. ते फिरतील तेव्हा त्यांचे पाणी उजनीतून येईल. त्याच उजनीच्या पायथ्याला बारा मेगावॉटचा संच भीमेत सोडलेल्या पाण्यावर वीज करतो आणि ती महानिर्मितीच्या नावे ग्रीडमध्ये जाते. धरणाच्या एका अंगाला पाण्याच्या खात्याने बांधलेले केंद्र वीज विकते, आणि दुसऱ्या अंगाने परंडा-तुळजापूरकडे पाणी चढवणारे त्याच खात्याचे पंप महावितरणच्या मीटरवर वीज विकत घेतील. ८१ आणि १९ चे सूत्र इथे लागू झाले तर १९ टक्क्यांचे बिल ज्वारी-सोयाबीन करणाऱ्या, दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याच्या पाणीपट्टीत येईल. सांगलीच्या द्राक्षबागायतदाराने ते कसेबसे पेलले. परंड्याच्या आणि भूमच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ते पेलायला लावण्याआधी उजनीच्या त्या बारा मेगावॉटमधली काही वीज त्याच्या पंपाच्या नावे लिहून देता येते, आणि त्यासाठी लागणारे दोन्ही करार, महानिर्मितीचा भाडेपट्टा आणि महावितरणचा वीजपुरवठा, राज्य सरकारच्याच कपाटात आहेत.